पाटीवर '२.५ इंच, १८२७' लिहिलंय, पण ही पहाडी तोफ नक्की कोणती?

घाटपायथा

मंडळी, तोफांमधलं मला काही कळत नाही हे आधीच कबूल करतो. कामानिमित्त एका सरकारी आवारात महिन्यातून दोनदा जावं लागतं (नाव लिहीत नाही). फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला चबुतऱ्यावर एक छोटी तोफ आहे. सैन्याने कधीतरी भेट दिलेली, असं तिथले लोक सांगतात. पाटीवर लिहिलंय 'भारतीय सेनेची पहाडी तोफ, २.५ इंच, १८२७'.

फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे वर्णनावर भागवा. नळी साधारण साडेतीन फूट. मागची बाजू बंद, म्हणजे दार वगैरे काही नाही. मागे वरच्या अंगाला एक बारीक भोक. दोन्ही बाजूंना कानांसारखे गोल खुंट आहेत. चाकं लोखंडी आणि अगदीच ओबडधोबड, ती नंतर कुणीतरी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली दिसतात. सगळ्यावर चंदेरी ऑइलपेंट, चार-पाच थर तरी असतील. नळीच्या तोंडात सिमेंट.

पाटी बरोबर आहे का, एवढाच प्रश्न.

चहाटळ

सिमेंट भरलंय म्हणजे तोफ चालू स्थितीत असणार. आपल्याकडे बंद पडलेल्या वस्तूवर कुणी एवढा खर्च करत नाही.

रंजकदाणी

पाटी बरोबर नाही. तोफ न बघता एवढं छातीठोक सांगतो, कारण पाटीवरच्या दोन गोष्टी एकमेकींशीच भांडताहेत. अडीच इंची (म्हणजे नळीचं तोंड अडीच इंच रुंद) पहाडी तोफ सैन्यात आली १८७९ साली. १८२७ मध्ये ती कुणाच्या स्वप्नातही नव्हती. तेव्हाच्या तोफा गुळगुळीत नळीच्या, आत पीळदार खाचा नसलेल्या.

आता तुमची तोफ कोणती हे ओळखायचं तर इंच, पौंड, साल सगळं बाजूला ठेवा आणि नळीवर जोड आहे का ते बघा. मध्यावर, पाण्याच्या पाइपाला युनियन असतं तसा जाड नट. अडीच इंचीची खरी ओळख तिथे असते.

कारण सांगतो. पहाडी तोफ म्हणजे लहान तोफ नव्हे, खेचराच्या पाठीला बेतलेली तोफ. पालाण-दोर धरून खेचर जे वाहतं, त्यात तोफेच्या एका तुकड्याच्या वाट्याला साधारण २०० पौंड, म्हणजे नव्वदेक किलो येतात. यापेक्षा जड नळी केली तर ती घाट चढत नाही. म्हणून आधीची सात पौंडी (म्हणजे सात पौंडांचा गोळा टाकणारी) तोफ आखूडच ठेवावी लागली. आखूड नळीत गोळ्याला जोर कमी मिळतो. सात पौंडीचा गोळा सेकंदाला सुमारे २९५ मीटरने सुटायचा. सरहद्दीवरच्या डोंगरांत ती कमी पडू लागली. मग ल मेझुरिए नावाच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने १८७७ च्या सुमारास सुचवलं की नळीच दोन तुकड्यांत करा. दोन खेचरांवर न्या आणि जागेवर पोचलात की आट्यांनी जोडा. वजन ४०० पौंड, लांबी जवळपास दुप्पट, आणि गोळ्याचा वेग ४४० मीटरच्या आसपास. हीच अडीच इंची. लोक तिला 'स्क्रू गन' म्हणायचे ते याच जोडामुळे. पूर्ण तोफेला पाच खेचरं लागत.

साडेतीन फूट नळी अडीच इंचीच्या मानाने फारच आखूड आहे. पुढच्या वेळी जोड बघा, आणि कानांच्या गोल तोंडांवर काही कोरलंय का तेही.

निवृत्त_गनर

मी तोफखान्यात २४ वर्षं काढली. २८ सप्टेंबर १८२७ हा आमचा स्थापनादिन. पाच (बॉम्बे) माउंटन बॅटरी, म्हणजे पहाडी तोफांची तुकडी, त्या दिवशी उभी राहिली आणि तिच्याकडे अडीच इंची तोफा होत्या, हे आम्हाला रंगरूट असल्यापासून शिकवलेलं आहे. दरवर्षी गनर्स डेला ऐकलेलं आहे. कुणी नेटवर वाचून १८७९ म्हटलं म्हणून ते बदलत नाही.

रंजकदाणी

सुभेदारसाहेब (हुद्दा चुकला असेल तर माफी), तारखेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. बॉम्बे फूट आर्टिलरीत गोलंदाजांची (तोफा डागणाऱ्या हिंदी शिपायांची) ती कंपनी १८२७ मध्ये उभी राहिली आणि भारतीय तोफखान्याची सलग परंपरा तिथूनच मोजली जाते. पुढे ती पहाडी बॅटरी झाली, नंतर अडीच इंची तोफा तिच्याकडे आल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या. सांगता सांगता त्या एका वाक्यात चिकटल्या आणि पन्नास वर्षांनंतरची तोफ पहिल्या दिवशीच बॅटरीच्या हातात आली. बहुतेक पाटी रंगवणाऱ्यानेही तेच वाक्य उचललं असणार.

आणि त्या परंपरेचं महत्त्व यातून कमी होत नाही, उलट वाढतं. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातून तोफा काढून घेतल्या. हिंदी गोलंदाज मुख्यतः उरले ते या पहाडी बॅटऱ्यांतच. मैदानी तोफखान्यात आपली पलटण परत उभी राहायला १९३५ उजाडलं. मधली पाऊणशे वर्षं ही परंपरा खेचराच्या पाठीवर टिकली.

निवृत्त_गनर

हुद्दा बरोबर. बाकीचं बघतो.

दुर्गवेडी

मध्येच एक शंका. आपल्याकडे जंबुरक होतीच ना? आणि उंटावरची सुतरनाळ? मग पहाडी तोफा मराठ्यांकडे आधीपासून होत्या असं म्हणता येईल का? कितीतरी गडांवर अशा छोट्या तोफा पडलेल्या दिसतात. आमच्या ग्रुपमध्ये दर मोहिमेत कुणीतरी एकीला तरी 'पहाडी तोफ' म्हणतंच.

रंजकदाणी

ताई, जंबुरक जनावराच्या पाठीवरूनच, खुंट्यावर फिरवून उडवायची. ती मुळातच एका जनावराला पेलेल एवढी असते. इथे उलट आहे. एका जनावराला न पेलणारी तोफ सुटी करून चढवायची आणि वर पोचल्यावर गाड्यावर उभी करायची. सात पौंडीतसुद्धा नळी एका खेचरावर आणि गाडा, चाकं वेगळ्या. काम सारखं, युक्ती वेगळी.

गडावरची तोफ ओळखायला एक सोपी खूण. मोबाइलचा टॉर्च नळीत तिरका मारा. आत पीळ घेत गेलेल्या खाचा दिसल्या तर ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची. गुळगुळीत असेल तर बहुधा आधीची.

चहाटळ

मला एक सांगा, लढाईला तोंड लागलं आणि खेचर उधळलं तर? अर्धी तोफ इकडे, अर्धी तोफ खेचराबरोबर सासरी?

रंजकदाणी

थट्टा नाही, झालंय असं. ऑक्टोबर १८९९, दक्षिण आफ्रिकेत लेडीस्मिथजवळ. रात्री डोंगर चढताना इंग्रजांच्या पहाडी बॅटरीची खेचरं बिथरली आणि तोफांचे भाग, दारूगोळा पाठीवर घेऊन अंधारात पसार झाली. वर पोचलेली पलटण तोफांविना अडकली आणि दुसऱ्या दिवशी शरण गेली. तोफा होत्या अडीच इंचीच.

मेकॅनिकलवाला

जोडाच्या मुद्द्यावरून आठवलं. दोन तुकडे आट्यांनी जोडायचे म्हणजे रोज उघड-बंद. धूळ, वाळू, मार. आटे टिकायचे कसे? आमच्याकडे शॉपफ्लोअरवर हायड्रॉलिकची कपलिंगं महिनाभर नीट राहत नाहीत.

निवृत्त_गनर

याचं उत्तर मी देतो. टिकायचे नाहीत, टिकवायला लागायचे. आम्ही ७५/२४ वर होतो, ती तर कितीतरी नंतरची. पण सुटी करायची तोफ कोणतीही असो, शिस्त तीच. प्रत्येक नंबराचा (तोफेवरच्या माणसाचा) भाग ठरलेला, तो जमिनीवर कुठे ठेवायचा ते ठरलेलं, कोणी काय पुसायचं ते ठरलेलं. उस्ताद घड्याळ घेऊन उभा. पोटात अन्न नसलं तर चालेल, पण जोडावर ग्रीस हवं. थंडीत बोटं लोखंडाला चिकटायची.

माहितीसाठी, ७५/२४ ही आपल्या देशात घडवलेली पॅक हॉवित्झर, म्हणजे सुटी करून नेता येणारी, उंच मारा करणारी तोफ. पुण्यात पाषाणला जी शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे, तिथे ती तयार झाली. ७५ मिलिमीटर तोंड, नळी त्याच्या २४ पट लांब, म्हणून ७५/२४. पुण्यातल्या किती लोकांना हे माहीत आहे?

मेकॅनिकलवाला

मला नव्हतं. पाषाणवरून रोज जातो.

घाटपायथा

आज परत गेलो होतो. रखवालदाराला चहा पाजला, जवळ जाऊ दिलं. जोड नाही! मागून पुढपर्यंत बोट फिरवलं, अंगठीसारखा उंचवटा एक-दोन ठिकाणी आहे, पण नट म्हणावा असं काही नाही. अर्थात रंगाचे थर बघता एखादी फट बुजली असली तर सांगता येत नाही.

मागच्या भोकाच्या पुढे मुकुटासारखं काहीतरी आणि त्याखाली गुंतलेली अक्षरं, त्यातलं व्ही नक्की लागलं. आणि मागच्या अंगाला आकडे आहेत: १, मग ठिपका, ३, मग ठिपका, ६. तारीख म्हणावी तर १ मार्च १९०६?

अचूकराव

तारीख नाही, वजन आहे. इंग्रजांच्या जुन्या तोफांवर वजन तीन आकड्यांत कोरलेलं असतं: हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड. हंड्रेडवेट नावाला शंभर, प्रत्यक्षात ११२ पौंड. क्वार्टर म्हणजे त्याचा पाव, २८ पौंड. आता करा हिशेब. ११२, अधिक तीन क्वार्टर ८४, अधिक ६. एकूण २०२ पौंड. मुकुटाखालचं अक्षर व्हिक्टोरिया राणीचं, म्हणजे १९०१ च्या आधीची तोफ.

रंजकदाणी

वा! मग प्रश्न मिटला. २०० पौंडाची, तोंडाने भरायची, जोड नसलेली, साडेतीन फुटी. ही पोलादी सात पौंडी, चौथा मार्क, १८७३ चा नमुना.

अचूकराव

इतकी घाई नको. तुम्हीच वर लिहिलंत की स्क्रू गनची पूर्ण नळी ४०० पौंडांची आणि दोन तुकड्यांत. म्हणजे एक तुकडा किती पौंडांचा? दोनशेचा. लांबी? पूर्ण नळी पावणेसहा फुटांच्या आसपास, निम्मी म्हणजे तीन फूट. धाग्यातली तोफ ही स्क्रू गनची फक्त मागची निम्मी नळी नाही कशावरून? पुढचा तुकडा भंगारात गेला, मागचा चबुतऱ्यावर चढला, आट्यांचं तोंड सिमेंटने बुजवलं. मग जोड दिसणार कुठून, जोडाच्या जागीच तोफ संपते! आणि पाटीवरचं २.५ बरोबर ठरतं.

चहाटळ

अर्ध्या तोफेला पूर्ण पाटी.

रंजकदाणी

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मान्य. वजन आणि लांबी दोघींनाही बसते. तोंडाचा व्यास मिळाल्याशिवाय आता सांगता येणार नाही. अडीच इंची असेल तर ६३.५ मिलिमीटर, सात पौंडी असेल तर तीन इंच म्हणजे ७६. घाटपायथा, सिमेंट अगदी काठोकाठ आहे का?

आणि कानांवरचा रंग खरवडू नका हं. संध्याकाळी उन्हं कलली की टॉर्च अगदी आडवा धरा, किंवा पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासा. शाळेत नाण्यांचे ठसे काढायचो तसं.

पेटीतलीचिठ्ठी

इतके जाणकार एकत्र दिसले म्हणून विचारते, धागा भरकटत असेल तर सांगा. आमच्या पणजोबांचा एक फोटो आहे. ते मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले होते. फोटोत सहा जण एका तोफेपुढे उभे आहेत. मागे आजीच्या अक्षरात 'कूत, १९१६, अण्णा तोफखान्यात असताना'. तोफेला मोठी ढाल आहे. जमिनीवर टेकलेले मागचे दोन पाय, इंग्रजी उलट्या व्हीसारखे पसरलेले. चाकं लाकडी. पायाशी पितळी टोपणांसारखं काहीतरी पडलंय.

रंजकदाणी

भरकटत नाही, उलट बरं झालं. वर्णन इतकं नेमकं दिलंत की फोटो न बघताही सांगता येईल.

त्या काळात हिंदी पहाडी बॅटऱ्यांकडे तीन तोफा असू शकतात. सगळ्यात जुनी दहा पौंडी, १९०१ ची. मागून भरायची, पण धक्का शोषायची काहीच सोय नाही, ढालही नाही. गोळा सुटला की अख्खी तोफ मागे उडायची आणि माणसं ती परत जागेवर ढकलायची. तुर्कस्तानात गॅलिपोलीला एप्रिल १९१५ मध्ये ऑस्ट्रेलियन-न्यूझीलंडच्या सैन्याबरोबर कोहाट आणि जेकब या आपल्या दोन बॅटऱ्या उतरल्या, त्या याच तोफा घेऊन. दुसरी २.७५ इंची, महायुद्धाच्या तोंडावरची. तोंड दहा पौंडीएवढंच, पण धक्का शोषणारी यंत्रणा आणि ढाल आली. तिसरी ३.७ इंची हॉवित्झर.

तुमच्या फोटोतली तिसरी आहे. ढाल नंतरच्या दोघींनाही असते, त्यामुळे ढालीवर जाऊ नका. पाय बघा. मागचे दोन पाय फाकवता येणारी ही इंग्रजांच्या सैन्यातली पहिली तोफ. पाय फाकले की नळीचं मागचं टोक मध्ये खाली जाऊ शकतं, म्हणून ती ४० अंशांपर्यंत वर उचलता येते आणि गाडा न हलवता दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश फिरते. डोंगरापलीकडचं लक्ष्य गाठायला हेच हवं होतं. पितळी टोपणं म्हणजे रिकामी काडतुसं. दहा पौंडी आणि २.७५ मध्ये दारू कापडी पिशवीतून भरत, पितळ उरतच नसे.

आता वाईट बातमी. ३.७ मेसोपोटेमियात पोचली १९१७ मध्ये. कूत या तिथल्या गावात इंग्रजांच्या सैन्याला वेढा पडला तो डिसेंबर १९१५ मध्ये, आणि शरणागती एप्रिल १९१६ ची. तेव्हा साल किंवा ठिकाण, दोन्हींपैकी काहीतरी चुकलंय.

पेटीतलीचिठ्ठी

म्हणजे आजीने चुकीचं लिहिलं? ती तशी फार काटेकोर होती.

अचूकराव

ताई, दोष देऊ नका. चिठ्ठी नंतर, ऐकीव माहितीवर लिहिलेली असणार. 'तोफखान्यात असताना' हेही तपासा. पहाडी बॅटऱ्यांत तेव्हा भरती मुख्यतः पंजाबची, शीख आणि पंजाबी मुसलमान. मराठा पलटण पायदळ. सहाही जणांचा पोशाख, बिल्ले एकसारखे आहेत का बघा. पायदळातली मंडळी शेजारच्या बॅटरीच्या तोफेपुढे फोटो काढून घ्यायची, जसं आपण दुसऱ्याच्या बुलेटवर बसून काढतो.

पेटीतलीचिठ्ठी

भिंगातून पाहिलं. चार जण पागोट्यात, एकाच पद्धतीचं. दोघांचं बांधणं वेगळं, दाढी आहे, आणि त्यातल्या एकाचा हात तोफेच्या चाकावर आहे. अण्णा चौघांत. घरी आत्ता सांगत नाही, दिवाळीत सगळे जमतील तेव्हा बघू.

१९१७ असेल तर मात्र एक गोष्ट जुळते. त्यांचं लग्न त्याच्या आदल्या वर्षी झालं आणि नंतर ते तीन वर्षं आलेच नाहीत, असं सांगायचे. कूतला कैद झाले असते तर हा फोटो निघालाच नसता.

मेकॅनिकलवाला

३.७ म्हणजे विमानविरोधी तोफ ना? माझे काका तिच्यावर होते असं म्हणायचे.

निवृत्त_गनर

तीही ३.७, हीही ३.७. दोघींचं तोंड ९४ मिलिमीटर. बाकी काडीचा संबंध नाही. ती विमानविरोधी कित्येक टनांची, लांबलचक नळीची. ही पाऊण टनाच्या आतबाहेर, आठ खेचरांवर जाणारी. काकांना विचारा की खेचरं होती का. नव्हती म्हणाले तर विमानविरोधी.

रंजकदाणी

म्हणूनच म्हणतो, नुसत्या व्यासावर तोफ ओळखू नये. घाटपायथांची तोफ सात पौंडी निघाली तर तिचं तोंड ७६.२. बासष्टच्या चीन युद्धानंतर आपल्या सैन्याने युगोस्लाव्हियाकडून पहाडी तोफा घेतल्या, त्यांचंही तोंड ७६.२. मध्ये जवळपास शंभर वर्षं. एक तोंडाने भरायची, दुसरीच्या नळीच्या टोकाला धक्का कमी करणारी खाचांची टोपी आणि खाली रबरी टायर. फक्त मापपट्टी घेऊन गेलात तर दोघी बहिणी!

चाकांचंही तसंच. ३.७ ला आधी लाकडी चाकं, नंतर मोटारीमागून ओढायला हवेचे टायर. तोफ तीच.

निवृत्त_गनर

३.७ चा विषय निघालाच आहे तर एक नाव राहू नये. हवालदार उमराव सिंग. डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशात कलादान खोरं. माउंटन बॅटरीची एक तोफ पुढे होती, तिचा प्रमुख हा. रात्रभर जपानी हल्ले. माणसं पडत गेली, दारूगोळा संपला. शेवटी हातात घेतला तो गन-बेअरर. आता हे इथे सांगतो कारण ते या धाग्याचंच आहे. गन-बेअरर म्हणजे तोफेचे सुटे भाग उचलायचा जाड लोखंडी दांडा. तोफ तुकड्यांत न्यायची असते म्हणूनच तो दांडा तिथे होता. त्याने तो फिरवला. सकाळी आपली माणसं पोचली तेव्हा तो तोफेजवळ बेशुद्ध, अंगावर सात जखमा, भोवती दहा जपानी मेलेले. तोफ शाबूत. त्याच दिवशी तिने परत मारा केला. माणूस जगला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २००५ पर्यंत होता.

आम्हाला तो दांडा दाखवून ही गोष्ट सांगायचे. हातात घेतला की वजन कळायचं, मग कोणी बोलायचं नाही.

दुर्गवेडी

__/\__

चहाटळ

यावर काही बोलत नाही.

आडवाटेचा_प्रवासी

उशिरा आलो, पण एक विचारतो. आमच्या मामांकडे कोनाड्यात एक लोखंडी गोळा आहे, निमुळत्या टोकाचा, अंगावर तांब्याची बटणं दोन रांगांत. लहानपणी त्याने अक्रोड फोडायचो. तो या सात पौंडीचा असू शकतो का?

रंजकदाणी

बटणं म्हणजे तोंडाने भरायच्या, आत पीळदार खाचा असलेल्या तोफेचा गोळा, हे नक्की. नळीतल्या खाचांत ती बटणं बसायची आणि गोळ्याला पीळ मिळायचा. सात पौंडीत अशा तीन खाचा. पण आधी हे वाचा: तो पोकळ असतो आणि आत दारू असते. दीडशे वर्षांनी ती निकामी झाली असेल असं गृहीत धरू नका. हलवू नका, पोलिसांना कळवा, ते बॉम्बशोधक पथक आणतील. अक्रोड दगडाने फोडा.

निवृत्त_गनर

आजच कळवा. उद्या नाही.

आडवाटेचा_प्रवासी

मामांना फोन केला. मामी म्हणाल्या, बत्तीस वर्षं मी त्याच्यावर धूळ पुसतेय, आता सांगताय. कळवलं आहे.

घाटपायथा

उशीर झाला, मध्ये पाऊस होता. निकाल घेऊन आलोय.

सिमेंट काठोकाठ नाही. तोंडापासून चार बोटं आत आहे. मला आधी भरलेलं वाटलं ते गांधीलमाश्यांचं पोळं होतं. रखवालदाराने ते काढलं, त्याच्या हिमतीला सलाम. व्हर्नियर मिळालं नाही, म्हणून जाड कागदाची पट्टी आत गोल करून बसवली आणि खुणेवर कापून घरी मोजली. परीघ २३९ मिलिमीटर. भागिले ३.१४, म्हणजे ७६. तोंडाजवळ काठ गोल आहे, थोडा जाड होत गेलेला, तिथे आटे पाडलेले नाहीत. आणि टॉर्च मारल्यावर आत तीन रुंद खाचा, पीळ घेत सिमेंटात शिरलेल्या. तीनच.

डाव्या कानावर पेन्सिल घासली. अक्षरं आर.जी.एफ. अशी लागली, त्याखाली एक क्रमांक (तो इथे देत नाही) आणि साल. १८७७. मधला ७ रंगाने इतका भरलाय की मीसुद्धा पहिल्यांदा २ वाचला.

रंजकदाणी

सात पौंडी! ठसठशीत सात पौंडी. आर.जी.एफ. म्हणजे रॉयल गन फॅक्टरी, वूलिच. आणि पाटीवरचं १८२७ कुठून आलं तेही कळलं.

हिच्या आधीचा नमुना, दीडशे पौंडांचा, १८६८ मध्ये मॅग्डालाला (अबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात) गेला होता. तेव्हाची मोहीम मुंबईहूनच निघाली, जहाजातून ४४ हत्तीसुद्धा नेले होते, जड तोफा वाहायला. सात पौंडी मात्र खेचरांवर.

अचूकराव

निम्म्या नळीचा माझा सिद्धांत गेला. हरकत नाही, त्यामुळे निदान पोळं तरी निघालं.

पण १८२७ बद्दल मला अजून शंका आहे. ७ चा २ वाचला म्हणून, की गनर्स डेचं साल म्हणून?

निवृत्त_गनर

दोन्ही असेल. कानावर १८२७ वाचलं आणि गनर्स डेचं सालही तेच निघालं, मग कोण कशाला तपासतोय. मीही तपासलं नसतं. १८२७ बॅटरीचं, तोफेचं नाही, हे मी आता मान्य करतो. पुढच्या २८ सप्टेंबरला आमच्या माजी सैनिकांच्या जेवणात सांगेन. भांडण होईल.

घाटपायथा, पाटी बदला म्हणून सांगितलंत का?

घाटपायथा

लेखी अर्ज दिला. साहेब चांगले आहेत, वाचलं त्यांनी. म्हणाले, पुढच्या महिन्यात रंगकाम आहे, त्यात पाटीचंही बघू.

निवृत्त_गनर

रंगकाम? त्यांना सांगा, ब्रश लावायच्या आधी कानांवर आणि त्या वजनाच्या आकड्यांवर ग्रीस फासा, रंग धरणार नाही. बत्तीच्या भोकात लाकडी खुंटी मारा. आणि चंदेरी नको म्हणावं.